हलणारा दात आणि तोंडावरचा हात

हलणाऱ्या दातासाठी कुणी समुपदेशकाकडे येतं का? येतं. 'दात हलतोय' असं सांगत मात्र कुणी येत नाही. 'ब्रश करू देत नाही', 'जेवताना रोज रडारड', 'रात्री नीट झोपत नाही' असं काहीतरी घेऊन येतात आणि बोलता बोलता दात बाहेर येतो.

ही मुलगी साडेसहा वर्षांची. तिला आपण छकुली म्हणू. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. तिचा खालचा पुढचा दात महिन्याहून जास्त काळ हलत होता. आईच्या भाषेत, "नुसता लोंबतोय, पण पडायचं नाव नाही." छकुली एका बाजूनं चावायची, घास तोंडात घोळवत बसायची, पुढच्या दातांना ब्रश लागू द्यायची नाही. हिरडी लाल झाली होती, तोंडाला वास यायला लागला होता. झोपेतसुद्धा हात तोंडावर. त्यात एके दिवशी आईला त्या दाताच्या मागे, जिभेच्या बाजूला, नव्या दाताची पांढरी कड दिसली आणि घरात घबराट उडाली. आता दातांच्या दोन रांगा होणार, दात वाकडे येणार, मग तारा लावाव्या लागणार, इथपर्यंत आई मनानं जाऊन पोचल्या होत्या.

बाबा सोबत होते, पण गप्प. छकुली त्यांच्यापासून सगळ्यात लांबच्या खुर्चीत बसली, तेव्हा मला थोडा अंदाज आला. विचारल्यावर त्यांनीच सांगितलं. "फक्त बघतो, हात लावत नाही," असं म्हणून त्यांनी तिला तोंड उघडायला लावलं होतं आणि दात चिमटीत धरून ओढला होता. दात निघाला नाही. थोडं रक्त आलं, पोरगी किंचाळली आणि तेव्हापासून तोंडावरचा हात हटेना.

"आमच्या लहानपणी दाराला दोरा बांधून काढायचे हो," बाबा म्हणाले. "कुणाला काही झालं नाही."

दोऱ्याच्या गोष्टी सगळेच हसत सांगतात. त्या वेळी पोटात किती गोळा आला होता, ते कुणी सांगत नाही. पण ते असो. दात ओढू नये याचं पहिलं कारण दाताचंच आहे. दुधाच्या दातालाही मूळ असतं. खालून कायमचा दात वर सरकायला लागला की शरीर ते मूळ हळूहळू विरघळवून टाकतं. मूळ संपलं की दात नुसता हिरडीला धरून राहतो आणि जिभेच्या धक्क्यानं किंवा घास चावताना निघून येतो. याला कधी काही दिवस लागतात, कधी काही आठवडे, कधी दोनेक महिनेही. मूळ शिल्लक असताना ओढलं तर दुखतं, रक्त जास्त येतं, क्वचित मुळाचा तुकडा मोडून आत राहतो. बाहेरून 'लोंबतोय' असं वाटणारा दात आत एका बाजूनं चांगला धरून बसलेला असू शकतो.

दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. दुधाचे दात वीस असतात. साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात आणि शेवटच्या दाढा पडेपर्यंत मूल अकरा-बारा वर्षांचं होतं. फसवून एक दात काढलात, तरी एकोणीस उरतात. शिवाय 'फक्त बघतो' हे वाक्य काही दातापुरतं नाही. उद्या कान दुखला, गुडघा फुटला, डॉक्टरांकडे जायचं झालं, तर हेच वाक्य आपल्याला पुन्हा लागणार आहे. ते एका दातासाठी खर्ची घालू नये.

मी दातांची डॉक्टर नाही, त्यामुळे भीतीकडे वळण्याआधी दात तपासून घ्या म्हटलं. फक्त एक अट घातली. आईनं डॉक्टरांशी आधी बोलून ठेवायचं की आज दात काढायचा नाही, नुसता बघायचा. छकुलीलाही तेवढंच सांगायचं आणि तेवढंच करायचं. तिनं हात वर केला की डॉक्टर थांबणार. तिनं तोंड उघडायच्या आधीच हात वर करून बघितला म्हणे. डॉक्टर खरंच थांबले. मग तिनं तोंड उघडलं.

दात ठीक होता. खालचे पुढचे कायमचे दात पुष्कळ मुलांमध्ये दुधाच्या दातांच्या मागून उगवतात. पुढचा दात पडून जागा झाली की जीभ मागच्या दाताला हळूहळू पुढे ढकलते आणि बहुतेक वेळा तो आपणहून रांगेत येतो. हिरडी लाल होती ती ब्रश न केल्यामुळे. डॉक्टर म्हणाले, वाट बघा, दात चांगला हलतोय.

आईचा जीव भांड्यात पडला, पण छकुलीचा हात तोंडावर तसाच होता.

तिच्याशी मी एकटीनं बोलले ते नंतर. मुलांना 'तुला कशाची भीती वाटते' असं विचारून फारसं काही हाती लागत नाही. 'माहीत नाही' एवढंच मिळतं. मी कागद-रंग पुढे ठेवले आणि म्हटलं, दात पडल्यावर तुझं तोंड कसं दिसेल ते काढ. तिनं एक भलं मोठं तोंड काढलं. आत एकही दात नाही.

"सगळेच गेले?"

"एक पडला की मग सगळे पडतात. आजोबांचे पडले."

"मग?"

"मग आले नाहीत. त्यांना वाटीत ठेवायला लागतात."

आजोबांची कवळी! घरात रोज रात्री पाण्यात ठेवली जाणारी ती कवळी पोरगी बघत होती आणि तिनं सरळ हिशेब मांडला होता. पहिला दात पडला की आपलीही वाटी सुरू. घरातले सगळे दुखण्याबद्दल समजूत घालत होते. 'दुखत नाही गं, मुंगी चावल्यासारखं वाटतं' वगैरे. दुखण्याचं भय होतंच, बाबांच्या चिमटीनंतर ते वाढलंही होतं. पण नवा दात येतो हे तिला पटेल अशा रीतीनं कुणी दाखवलंच नव्हतं. 'येईल गं' असं सगळे म्हणत होते. आणि 'हात लावत नाही' असंही घरातलेच म्हणाले होते.

मी तिला म्हटलं, हलणाऱ्या दाताच्या मागे जीभ लावून बघ बरं. तिनं जीभ फिरवली. थांबली. पुन्हा फिरवली.

"टोचतंय काहीतरी."

"तोच. पुढचा पडायच्या आधीच येऊन बसलाय."

ज्या कडेनं आईची झोप उडवली होती, तीच या मुलीला हवा असलेला पुरावा होती. मग आम्ही आजोबांचा हिशेब लावला. त्यांचेही दुधाचे दात लहानपणी पडले, नवे आले, ते त्यांनी खूप वर्षं वापरले. पडले ते दुसऱ्या खेपेचे. "म्हणजे आजोबांचे संपले," ती म्हणाली. मी "हो, संपले" म्हटलं. इथे गोड बोलून वेळ मारून न्यायची नसते. उरला रक्ताचा प्रश्न. थोडंसं येतं, थुंकीत मिसळलं की जास्त वाटतं, स्वच्छ गॉझची घडी जागेवर ठेवून दहा मिनिटं दाबून चावलं की थांबतं, असं सांगितलं. तिनं गॉझची घडी करून चावून बघितली आणि मलाही चावायला लावली. दोघी तोंड मिटून बसलो होतो तेव्हा आईनं दार उघडून आत डोकावलं. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

घरी दोन गोष्टी करायला सांगितल्या. दाताची चौकशी बंद. सकाळी आई, दुपारी आजी, संध्याकाळी फोनवर मावशी, सगळ्यांचा एकच प्रश्न असायचा, "पडला का?" आणि ब्रश तिच्या हातात. मऊ ब्रश घेऊन मागच्या दाढांपासून सुरू करायचं आणि आरशात बघत जमेल तेवढं पुढे यायचं. दात जिभेनं किंवा स्वच्छ धुतलेल्या बोटानं हलवायचा की नाही, ते तिचं ती बघेल.

बाबांसाठी एक वेगळं काम होतं आणि ते त्यांना जड गेलं. "मी बघतो म्हणालो आणि ओढला. ते चुकलं. तू सांगितल्याशिवाय आता हात लावणार नाही," हे त्यांनी तिला सांगायचं होतं. एवढ्याशा पोरीची माफी मागायची, हा भाव चेहऱ्यावर दिसत होता. पण मागितली. छकुली काही लगेच विरघळली नाही. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्यासमोर उभी राहिली, तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. असं पुन्हा पुन्हा केलं. बाबांनी हात पाठीमागे घेऊन बघितलं.

वाट बघण्यालाही मर्यादा असते, हे आईवडिलांना मी आवर्जून सांगते. मागून नवा दात बराच वर आलाय आणि पुढचा हलतच नाही, किंवा दोन-तीन महिने उलटले तरी तसाच आहे, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. हिरडी सुजली, पू आला, ताप आला, तर लगेच. पडल्यामुळे किंवा मार लागून हलायला लागलेला दात ही वेगळीच गोष्ट, तिथे वाट बघू नये. चार वर्षांच्या आतच दात हलायला लागला, तरी तपासून घ्यावा.

काही दिवसांनी आईचा फोन आला. आवाजात पुन्हा धास्ती. जेवताना दात पडला होता आणि घासाबरोबर पोटात गेला होता. खोकला, ठसका, श्वासाला त्रास काही आहे का, विचारलं. असं काही असतं तर दात श्वासनलिकेत गेल्याची शंका घेऊन तडक हॉस्पिटल गाठावं लागलं असतं. तसं काहीच नव्हतं. मग काळजीचं कारण नाही, तो आपल्या वाटेनं बाहेर जाईल, असं सांगितलं.

मागून छकुलीचा आवाज येत होता. तिला फोन हवा होता. पडलेला दात आतून पोकळ, टोपीसारखा दिसतो असं मी तिला सांगितलं होतं आणि तो बघायला मिळाला नाही म्हणून ती भडकली होती. "शेजारचा पण हलतोय," ती म्हणाली. "तो मी जेवायच्या आधी काढणार."