व्याख्या पाठ आहेत, ओळ ऐकू येत नाही

प्रश्न : मुलगी इंग्रजी घेऊन बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. ‘लिटररी टर्म्स’च्या चाचणीत २० पैकी ७ गुण पडले. मी रोज रात्री ९ वाजता १२० व्याख्यांची यादी घेऊन तिची परीक्षा घेतो. चवथीत आरत्यांना घुमट (चामड्याने मढवलेलं मातीचं तालवाद्य) वाजवायची, तेही माळ्यावर टाकलं. नेट (कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा) पहिल्या फटक्यात निघायला हवी. आणखी काय करू? (एक पालक, डिचोली)

उत्तर : नमस्कार. आणखी काहीच करू नका. चाललंय त्यातलंच बरंचसं थांबवा, आणि सुरुवात रात्री नऊच्या त्या परीक्षेपासून करा. उत्तरपत्रिकेचा फोटो पाठवलात ते बरं झालं. तिच्या व्याख्या शब्दन् शब्द बरोबर आहेत. म्हणजे ज्यावरून तुम्ही तिला रोज बोलता, तिथे ती चुकलेलीच नाही. कॉलेजात जाणारी मुलगी रोज बापासमोर उलटतपासणीला बसते आणि न केलेल्या चुकीची बोलणी खाते. तिला कविता नकोशी झाली तर त्यात कवितेचा दोष नाही.

गुण गेले ते वेगळ्याच जागी. ‘नदीवर धुकं झोपलंय’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. तिने ‘पर्सोनिफिकेशन’ (निर्जीवाला माणसासारखं वागवणं) लिहिलं, खाली व्याख्या दिली आणि उत्तर संपवलं. पण धुकं ‘पसरलंय’ न म्हणता ‘झोपलंय’ का म्हटलं? झोपलेलं लवकर हलत नाही. फेरीबोट धक्क्यालाच उभी राहणार, पलीकडे जाणारे ताटकळणार. एका क्रियापदाने सगळी सकाळ थांबवली, हे लिहायला हवं होतं. नुसतं नाव ओळखल्याचे गुण थोडे, खरे गुण याचे.

दुसरी चूक छंदाची, आणि ती मराठी चांगलं असलेल्या मुलांकडूनच होते. आपली अक्षरगणवृत्तं लघु-गुरूवर चालतात. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत : लघु, गुरू, गुरू असं चार वेळा, चरणात १२ अक्षरं. इंग्रजी छंद मात्र आघातावर चालतो. ‘सिटी’ शब्द घ्या. आपल्या हिशेबाने ‘सि’ लघु आणि ‘टी’ गुरू, पण इंग्रजीत जोर ‘सि’वर पडतो. तिने चिन्हं नेमकी उलटी दिली आहेत. शिवाय मोजणी देवनागरी अक्षरांची केली आहे : ‘डाउन’ची तीन, ‘स्टेप्स’ची दोन. दोन्ही शब्द एकेकाच सिलेबलचे, म्हणजे एका झटक्यात उच्चारायच्या एकाच तुकड्याचे. आता ही ओळ मोठ्याने म्हणा : ‘द रेन केम डाउन अपॉन द टेम्पल स्टेप्स’. रेन, डाउन, पॉन, टेम्, स्टेप्स. पाच ठिकाणी जोर, प्रत्येकाच्या आधी एक हलकं सिलेबल, एकूण १०. हाच आयँबिक पेंटामीटर. बोटांवर अक्षरं मोजून तो सापडत नाही, हाताने थाप देत म्हटलं की सापडतो. आणि थाप कुठे पडते हे जिच्या हाताला ठाऊक होतं, तिचंच घुमट तुम्ही माळ्यावर टाकलंत.

अनुप्रासही कानानेच ओळखायचा. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात, पण ध्वनी वेगळे, म्हणून अनुप्रास नाही. ‘फोन’ आणि ‘फिश’चं स्पेलिंग वेगळं, तरी अनुप्रास आहे.

सध्या १२० ऐवजी २५ संज्ञा पुरेत. रोज एका कवितेच्या आठ-दहा ओळी, दोनदा मोठ्याने. मग वहीत तिने लिहावं : कुठला शब्द वेगळा वाटला, त्या जागी साधा शब्द घातला तर काय गेलं, आणि अगदी शेवटी त्या युक्तीचं नाव. नाव आधी लिहिलं की पुढचा विचारच होत नाही. तीच सवय मोडायची आहे. ही वही तिची तिलाच राहू द्या, तपासायला मागू नका.

नेटला अजून वेळ आहे : एमएला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५०, मग तीन तासांत १५० प्रश्न. शाळेत शिकवायचं असेल तर वाट बी.एड.ची. पण यातलं तिला काय हवंय? तुमच्या एवढ्या लांब पत्रात तिचं म्हणून एकही वाक्य नाही. यादी बाजूला ठेवा आणि तिला विचारा. विचारायच्या आधी घुमट खाली काढा. पावसाने चामडं सैल पडलं असेल तर जरा उन्हात ठेवा, ताणलं जाईल.