फोनच्या पाया

चिमणे,

परवा रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल संपल्यावर तू जे विचारलंस, त्यावर मी 'आधी जेवून घे' म्हणाले. ते उत्तर नव्हतं, हे तुलाही कळलं. तू म्हणालीस, "आई, चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या वर्गात सांगतात, गुडघे फक्त देवापुढे टेकायचे. मग आजीच्या पाया का पडायचं? आणि तेही फोनच्या? तुला त्यातून खरंच काही वाटतं, की तुला नागपूरची आठवण येते म्हणून माझ्याकडून करून घेतेस?"

शेवटचं वाक्य लागलं गं. दोन दिवस भांडी घासताना तेच डोक्यात. लागलं, कारण त्यात थोडं खरं आहे. म्हणून लिहिते आहे. बोलायला गेले की मी तरी चिडते, नाहीतर रडते. वाचताना अडलीस तर बाबाला विचार. तो नाशिकचा, काही शब्द त्यालाही अडतील.

आमचं क्वार्टर तू फोटोत पाहिलंयस. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे कडुलिंब. तुझे आजोबा मोतीबागेच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. छोट्या लाइनचे, म्हणजे नॅरोगेजचे डबे तिथे दुरुस्तीला यायचे. कारखान्यातून आले की ते घासलेट आणि लाकडाच्या भुशाने हात चोळायचे, मग साबण, मग चहा, आणि मग चटई अंथरायची. रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना. रोज. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री असो, लाइट गेलेली असो, उद्या पेपर असो. बाहेर पोरं पिट्टू खेळायला आमची वाट बघत असायची आणि आत आम्ही तिघं भावंडं गुडघ्यांवर, एकमेकांना चिमटे काढत. माझे बाबा इतक्या वेगाने 'नमो मरिये' म्हणायचे की शब्द एकमेकांवर चढायचे. धाकटा मामा तिसऱ्या दशकापर्यंत, म्हणजे दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीपर्यंत, हमखास झोपायचा. भक्तिभावाने काठोकाठ भरलेलं घर वगैरे काही डोळ्यांपुढे आणू नकोस. बऱ्याच वेळा आम्ही मणी मोजायचो ते संपायला किती राहिले ते बघायला.

पण ती प्रार्थना मराठीत होती, हे तुला सांगायचं राहिलं. आमच्या पॅरिशमध्ये गोव्याचे लोक, तामिळ, मल्याळी, अँग्लो-इंडियन, छोटानागपूरकडून आलेले उराँव, सगळे होते. त्यामुळे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, इंग्रजीत नाहीतर हिंदीत. मराठी मिस्सा महिन्यातून एकदा, तीसुद्धा अर्ध्या रिकाम्या बाकांपुढे. मला कितीतरी दिवस वाटायचं, की देवाला सकाळी इंग्रजी येतं आणि संध्याकाळी आमच्या चटईवर आला की तो मराठी बोलतो.

रोझरी संपली, लितानी, म्हणजे शेवटच्या विनवण्या, संपल्या, की सगळ्यांत लहान्याने उठायचं आणि मोठ्यांच्या पाया पडायचं. आधी मोठी आई, म्हणजे तुझी पणजी, मग बाबा, मग आई. ते डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "देव बरं करो." बास. एवढाच विधी. तुमच्या वर्गातल्या बाई हे ऐकतील तर काय म्हणतील, मला ठाऊक नाही. पण आम्ही आजीला देव समजून वाकत नव्हतो. आजीला आम्ही चांगलेच ओळखून होतो.

आपल्याकडच्या चर्चमध्येही हे वाकणं-बिकणं नव्याने आलं असं नाही. १९६९ साली रोमने भारतातल्या बिशपांची बारा मुद्द्यांची मागणी मान्य केली. चपला बाहेर काढणं, जमिनीवर बसणं, हात जोडून वाकणं, पंचांग प्रणाम (गुडघे, हात आणि कपाळ जमिनीला टेकवून), आरती, हे त्यातच आहे. तू नागपूरला आलीस तेव्हा अल्तारापुढे, म्हणजे वेदीपुढे, बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि तू मला हळूच विचारलंस, "हे चालतं?" तर चालतं. पण घरी चटईवर जे चालायचं, त्याला कुणी परवानगी दिली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती.

आता तो प्रसंग सांगते. हा मी आजवर फक्त तुझ्या बाबाला सांगितला आहे.

मी दहावीत होते. प्रिलिमला गणितात नापास झाले आणि प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच केली. पकडले गेले. मार बसेल असं वाटलं होतं. बसला असता तर बरं झालं असतं. बाबांनी बोलणं बंद केलं. जेवताना नाही, निघताना नाही, काही नाही. पण संध्याकाळी रोझरी तर होणारच. आणि रोझरीनंतर मला त्यांच्या पाया पडावंच लागायचं, आणि त्यांना माझ्या डोक्यावर हात ठेवावाच लागायचा. पहिल्या दिवशी हात नुसता टेकला न टेकला. "देव बरं करो" हेसुद्धा भिंतीकडे बघून. मला इतका राग यायचा! त्यांचा, देवाचा, त्या चटईचा. वाटायचं, हे काय नाटक आहे, मनात नसताना. (म्हणजे तुझा प्रश्न मी तुझ्या आधी विचारलेला आहे.)

असे कितीतरी दिवस गेले. एक दिवस त्यांचा हात माझ्या केसांत अडकला. त्यांची बोटं खरखरीत होती, चिरा पडलेल्या, केस त्यात ओढले गेले. घासलेटचा वास आला. ते म्हणाले, "तेल लाव डोक्याला." एवढंच. मी न्हाणीत जाऊन रडले. आजी बाहेरून ओरडली, "कायले रडून राह्यली वं? तेल लाव म्हटलं ना त्यानं?"

कन्फर्मेशनच्या वर्गात तुम्हाला एक कागद दिलाय ना, 'माझ्या श्रद्धेची प्रेरणा' म्हणून? तू मला विचारलंस तुझी काय, आणि मी काहीतरी संतांचं नाव सांगितलं. खरं उत्तर हे होतं. पण हे त्या चौकटीत कसं लिहिणार?

संताचं नाव मी उगाच घेतलं नव्हतं. नागपूरच्या सदरमधलं आपलं कॅथेड्रल सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचं आहे. ते सॅव्हॉयचे, आल्प्सच्या पायथ्याचे. नागपूरशी त्यांचा जन्मात संबंध नव्हता. त्यांच्या नावाच्या संघाचे फादर सॅव्हॉयमधल्या अ‍ॅनेसीहून १८४५ साली हिंदुस्थानात आले आणि पुढे आमच्याकडे पोचले, म्हणून ते आमचे झाले. २४ जानेवारीला त्यांचा सण. एका वर्षी प्रवचनात फादरांनी सांगितलं, की संसारी बाईला लिहिलेल्या पत्रांतून या माणसाने १६०९ साली पुस्तक केलं आणि त्यात लिहिलं, भक्ती फक्त मठातल्या लोकांसाठी आहे असं म्हणणं चूक. ती शिपायाच्या छावणीत, कारागिराच्या कारखान्यात, नवराबायकोच्या घरातही हवी. बाबांनी आजीला कोपराने ढोसलं आणि पुटपुटले, "कारखाना म्हटलं ना त्यांनी?" घरी येईपर्यंत खूश. दुसऱ्या दिवशी डब्यात जास्तीची पोळी मागून घेतली, बहुतेक कुणाला तरी हे सांगायला.

आणि बैल! बैलाचं तुला माहीतच नाही. आमच्याकडे तान्हा पोळा असतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. पोरं लाकडाचे बैल सजवून घरोघरी नेतात आणि लोक बोजारा देतात, म्हणजे पैसे, खाऊ. आम्ही कॅथलिक, पण गल्लीतली सगळी पोरं निघालेली असताना आम्ही काय घरात बसणार? बाबांनी भंगारातली चाकं लावून बैल करून दिला. चांगला दणकट, माझ्या गुडघ्याएवढा. शेजारच्या काकूंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. संध्याकाळी तो कुंकवासकट आमच्या अल्तारखाली उभा, वर येशूचं पवित्र हृदय, खाली हा. आजीने कुंकू पुसलं नाही. कुणी पुसायला सांगितलंही नाही. मग नाताळला गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, केली, तेव्हा मातीचा बैल फुटलेला निघाला आणि मामाने हाच नेऊन ठेवला. वॉर्डातल्या गव्हाणी स्पर्धेसाठी बघायला फादर आले. खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "इस घर में तो जोसेफ से बैल बड़ा है." नंबर अर्थातच आला नाही. पण त्यांनी करंज्या चार खाल्ल्या.

मी हे सगळं गोडगोड करून सांगते आहे, आणि तू हुशार आहेस, तुला ते कळेल. तर दुसरी बाजूही सांगते. त्या वाकण्यात सगळं बरं नव्हतं. एक चुलत काका होते, ज्यांनी गावच्या शेताच्या वाटणीत बाबांना फसवलं. त्यांच्याही पाया पडावं लागायचं, आणि पडताना दात आवळलेले असायचे. लग्नानंतर मामी सगळ्यांच्या पाया पडायची आणि मामा हात हलवून मोकळा. हे मला तेव्हाही खटकायचं, आजही खटकतं. ज्याला मान द्यावासा वाटत नाही त्याच्यापुढे तू वाकू नकोस. कुणी काही म्हटलं तर माझं नाव सांग. आजीला मात्र हे सांगू नकोस.

पण आजीचंच एक बघ. बाबा आजारपणात घरी अंथरुणावर होते तेव्हा वॉर्डातले लोक रोज आळीपाळीने रोझरीला यायचे. एक दशक तामिळमध्ये, एक कोंकणीत, एक हिंदीत, मराठीत आमचं. मागच्या लाइनीतल्या तामिळ पाट्टी (त्यांच्यात आजीला पाट्टी म्हणतात) आपल्या आजीपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या होत्या. प्रार्थना संपल्यावर आजी उठली आणि त्यांच्या पाया पडली. मी चाळिशीची बाई, पण थक्क झाले. माझ्या डोक्यात पाया पडण्याची रांग आजीपाशी संपायची. पाट्टींनी तामिळमध्ये काहीतरी म्हटलं. आजीला अर्थ कळला नाही, मलाही नाही.

इथे आयर्लंडमध्ये, कॉर्कला आपल्या पॅरिशमधल्या, काठी घेऊन पुढच्या बाकावर बसतात त्या आजीबाईंना मी एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे घरी रोझरी व्हायची का. म्हणाल्या, रोज, सगळे खुर्च्यांवर कोपरं टेकून, एकमेकांकडे पाठ करून. मला जरा विचित्र वाटलं. मग वाटलं, त्यांना आपलं विचित्र वाटेल.

आता तुझा प्रश्न. मला खरंच काही वाटतं का? दर वेळी नाही. चर्चमध्ये गुडघे टेकते तेव्हाही कित्येकदा मी दुपारच्या भाजीचा विचार करत असते. आणि नागपूरची आठवण? हो, येते. ती आणि देव यांना मला वेगळं करता येत नाही, हा माझा दोष असेल. लहानपणी दोघंही एकाच चटईवर भेटले. तुझं तसं नाही, तुला तो आणखी कुठे भेटेल. मला फक्त एवढं वाटतं, की कुणाचा तरी हात डोक्यावर आला की त्याचं वजन कसं लागतं, ते तुला माहीत असावं. मागे लागले असेन तर माफ कर.

आणि फोन काळा का होतो, म्हणून तू हसलीस ना? आजीला वाटतं, तू तिकडे वाकलीस की तिने तुझ्या डोक्यावर हात ठेवायला हवा. म्हणून ती तिच्या फोनवर सगळा तळवा ठेवते. कॅमेरा झाकला जातो. तिला ते माहीत नाही, आणि मी अजून सांगितलेलं नाही.

रविवारी ती रोझरी आटपून लावेल, म्हणजे आपले दुपारचे दोन. फोन फळांच्या भांड्याला टेकवून ठेव, साखरेच्या डब्याला टेकवलास की घसरतो. पाया पडायचं की नाही, ते तुझं तू बघ. पण गणिताच्या प्रगतिपुस्तकाबद्दल तिने विचारलं, तर खरं सांग.

तुझी,
आई