राग येतो, म्हणजे प्रेम संपलं का?

"राग येवक नको, ताई, पण येता."

वेंगुर्ल्याकडची ती बाई एवढंच बोलली आणि पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळत बसली. बोटांची टोकं काळपट, सोललेली. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. हाताला राख नाहीतर गोडं तेल चोळून बिया फोडल्या तरी थोडंफार लागतंच. दिवसभर कारखाना आणि रात्री आई. अर्धांगवायूने आई चार वर्षं अंथरुणात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे सलग झोप अशी नाहीच. दोघे भाऊ मुंबईला. पैसे पाठवतात, नाताळला येतात. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

आदल्या आठवड्यात आईने तोंडातली पेज थुंकली आणि हिने वाटी जमिनीवर आपटली. तेव्हापासून चर्चमध्ये कोमुन्यांव, म्हणजे येशूचं शरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर, घ्यायला हिचं पाऊल पुढे पडेना. येशूने तोंडातून शब्द न काढता सगळं दिलं आणि मी एका वाटीवरून अशी, मग माझं देणं देवाला पोचतं तरी का, हा तिचा प्रश्न.

हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. आजारी नवऱ्याचं करणाऱ्या बायका विचारतात, अपंग मुलांच्या आया विचारतात. "देव बघतो आहे, सोस" असं त्यांना आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण मला ते वाक्य सोसत नाही. ते ऐकून बाई आणखी एकटी पडते.

तिला म्हटलं, शब्द न काढता दिलं, हे कुठे वाचलंस? क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने हा दुःखाचा प्याला टळू दे अशी विनवणी केली, तीही तीनदा. आणि त्याआधी मित्रांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले, तर त्याला लागलं आणि त्याने तसं बोलूनही दाखवलं. जीव नको म्हणत होता, तरी प्रेम जागेवर होतं. तुझी वाटी आपटली ती चार वर्षांच्या जागरणाने. आईला पुसून तू दुसरी पेज केलीस ना?

"केलंय."

मग विचारलं, ईस्टरआधीच्या उपवासकाळात क्रूसाची वाट (येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या चौदा प्रसंगांच्या चित्रांसमोरची प्रार्थना) करतेस? दर शुक्रवारी, म्हणाली. मग चौदा स्थानांतलं पाचवं सांग. तिने पाठ असल्यासारखं सांगितलं: कुरेनेकर शिमोन येशूचा क्रूस वाहतो. आणि थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. लहानपणापासून त्या चित्रासमोर गुडघे टेकलेली बाई, पण तो क्रूस दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर गेला होता हे तिने स्वतःला कधी लावून पाहिलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी तिला स्पष्ट बोलले. योहानाच्या शुभवर्तमानात (१०:१८) येशू म्हणतो की माझा प्राण कोणी हिरावून घेत नाही, मी होऊन देतो. तुझ्या घरी हे कुणी तुला विचारलं होतं? लग्न न झालेली मुलगी घरात आहे, म्हणून सगळ्यांनी धरून चालले. आईवरचं तुझं प्रेम खरं आहे. राग त्या धरून चालण्याचा आहे, आणि तो आईवर निघतो कारण भाऊ समोर नसतात.

भावांना फोन करायला तिला तीन आठवडे लागले. मोठ्या भावाने नेहमीसारखी पैशांची गोष्ट काढली. "पैसे नको, रात्री हव्या आहेत," हे वाक्य आम्ही दोघींनी आधी चारपाचदा म्हणून पाहिलं होतं, तरी तिचा आवाज कापला.

मे महिन्यात धाकटा पंधरा दिवस आला. पहिल्या रात्री दोन वाजता तोच उठला, पण आईला धरायचं कसं हे त्याला कळेना. हिने अंथरुणातूनच सांगितलं, खांदो आणि कंबर एकदम धर. आणि कूस बदलून झोपली.