रात्रपाळीचा डबा

प्रिय पोरी,

रात्री तीनला पोटात कावळे ओरडतात, चहा-बिस्किटं खाल्ली तरी तासाभरात पुन्हा तेच, आता ‘डायजेस्टिव्ह’ बिस्किटं घेऊ की प्रोटीन बार, असं विचारतेस. अगं, पेशंटच्या चार्टवरचा आकडा न् आकडा तपासतेस, मग पुड्याची मागची बाजू का वाचत नाहीस? तिथे जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. सुरुवातीलाच पीठ, साखर, पामतेल दिसलं की पुढे नाव काही का असेना, ते बिस्किटच.

चावावं लागेल ते खा. फुटाणे घे, सालासकट. शंभर ग्रॅममागे साधारण 20 ग्रॅम प्रथिनं, शिवाय भरपूर चोथा. हा ऐवज जठरातून सावकाश पुढे सरकतो, म्हणून भूक लांबते. मूठभर फुटाणे आणि वर पेलाभर पाणी. पेरू असेल तर बियांसकट चावून खा, रस काढून पिऊ नकोस.

सिडनीत 1995 साली 38 पदार्थ सारख्याच उष्मांकाचे खायला देऊन पोट किती भरलेलं राहतं ते तपासलं होतं. पहिला आला उकडलेला बटाटा, पांढऱ्या पावाच्या तिपटीहून जास्त. शेवटचा क्रोसाँ, म्हणजे तो लोणी घातलेला फ्रेंच पाव. तेव्हा बटाट्याला नावं ठेवू नकोस, तळणीला ठेव.

मला वॉर्डात ‘फुटाणेवाली सिस्टर’ म्हणायचे. कुणाच्या वाढदिवसाला सामोसे आले की मी आपला डबा उघडायची; तुसडी म्हणून नाव पडलं. दोन घास खाल्ले असते तर त्या पोरी जरा जवळ आल्या असत्या, हे आता कळतं. पण पहाटेच्या राउंडला माझे हातपाय गळाले नाहीत, हेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं! असो.

तू सामोसा खा गं, चार मैत्रिणींत बसून खा. फक्त त्याच्या आधी फुटाणे चाव. चावल्याशिवाय गिळता येतं ते भुकेला पुरत नाही, किती वेळा सांगू?

उकडलेलं अंडंही चालेल, एकात 6 ग्रॅम प्रथिनं. ते स्टाफरूमच्या फ्रीजमध्ये ठेव. लशी-इन्सुलिनच्या फ्रीजमध्ये ठेवलंस तर मेट्रनच्या आधी मी ओरडेन. फुटाणे भट्टीवरून ताजे आण, बिनमिठाचे, आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भर. कागदाच्या पुडीत सादळतात, मग चावणार काय?

तुझी,
मावशी