खुर्ची मिळाली, पण बसवत नाही

'ताई, अठरा वर्षं गणित शिकवलं, यंदा मुख्याध्यापिका झाले. स्टाफरूममध्ये शिरले की गप्पा थांबतात. सभेत आवाज कापतो. माझ्याहून सेवाज्येष्ठ बाईंच्या तासाला निरीक्षणासाठी बसायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. आधीचे सर एका वाक्यात विषय संपवायचे. माझी निवड चुकली आहे आणि ते लवकरच सगळ्यांना कळेल असं वाटतं. परत वर्गावर जाऊ का?'

प्रिय बाई,

वर्गाची ओढ असेल तर खुशाल जा. शिकवणं ही काही खालची पायरी नव्हे. पण घाबरून जाऊ नका, निदान वर्षभर तरी.

एक दिवस आपलं पितळ उघडं पडणार ही धास्ती पॉलिन क्लान्स आणि सुझान इम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली नोंदवली, आणि तीही कर्तबगार बायकांमध्ये. तेव्हा धास्ती वाटते एवढ्यावरून निवड चुकली असं ठरत नाही.

आत्मविश्वास आला की कामाला लागू, असं तुम्ही धरून चालला आहात. गणित शिकवायला तरी तो आधी कुठे होता? पहिल्या वर्षी टाचण काढून, उदाहरणं घरी सोडवून वर्गात जात असाल. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये हेच मांडलं: 'मला जमेल' या भावनेला सर्वांत पक्का आधार स्वतः पार पाडलेल्या कामाचा असतो. कुणी पाठ थोपटली तर बरं वाटतं, पण ते फार टिकत नाही.

म्हणून एक छोटं, पण सगळ्यांना दिसणारं काम धरा. गैरहजर शिक्षकांच्या बदली तासांची वाटणीच घ्या. तेच ते लोक अडकतात आणि कुरबुर वाढते. वाटणीचा नियम सर्वांशी बोलून ठरवा, फलकावर लावा आणि स्वतःचं नावही त्यात घाला. ते नीट चालू लागलं की पुढचं काम.

आता निरीक्षण. या गोळ्याचं कारण मला वेगळं दिसतं: तुम्ही तपासनीस म्हणून जाताय. मुख्याध्यापकांच्या कोणत्या कामाचा मुलांच्या शिकण्याशी जास्त संबंध दिसतो, हे शिक्षण-संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सामील होणं सगळ्यात वर आलं. तेव्हा एक वर्ग स्वतःकडे ठेवा आणि त्या बाईंना आधी तुमच्या तासाला बोलवा. 'अपूर्णांकाला मुलं कुठे अडकतात ते बघाल का?' असं नेमकं विचारा. त्यांच्याकडे जाल तेव्हाही काय पाहायचं ते त्यांनाच ठरवू द्या. त्या जागेवर त्यांचाही डोळा असेल, तर दोघींतच एकदा उघड बोला. गोड बोलून झाकू नका, त्यांना ते लगेच कळेल.

गप्पा थांबतात? थांबू द्या. मुख्याध्यापकांविषयी मागे बोलण्याचा हक्क तुम्हीही कधीतरी बजावला असेलच की! मैत्री ठेवा, पण गाऱ्हाण्यांच्या मैफलीत आता बसू नका.

सभेचे मुद्दे आदल्या दिवशी सर्वांना द्या. तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही तर 'उद्या सांगते' म्हणा, मात्र उद्या सांगाच. कापरा आवाज लोक विसरतात, न आलेलं उत्तर विसरत नाहीत.

राहिले आधीचे सर. त्यांचं ते एक वाक्य तुम्ही ऐकलंत, त्याआधी त्यांनी किती जणांना विचारलं ते तुम्हाला कुठे दिसलं? शक्य असेल तर त्यांना फोन करा आणि पहिल्या वर्षी कोणता निर्णय फिरवावा लागला होता, तेवढं विचारा.

तुमची,
ताई