जेनेसियो की न्यू पॉल्ट्झ: मुलीने कुठे जावं?

तुमची मुलगी जेनेसियो आणि न्यू पॉल्ट्झ यांतलं एक निवडतेय. दोन्ही न्यूयॉर्क राज्याची, ‘सूनी’मधली (स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क, म्हणजे राज्याच्या सरकारी विद्यापीठांचा समूह) लहान विद्यापीठं. राज्यातल्या मुलांना ट्यूशन फी दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे आर्थिक मदतीची पत्रं आली की एकूण खर्चातून स्कॉलरशिप वजा करा, कर्ज मात्र नको, आणि उरणाऱ्या रकमाच तेवढ्या ताडून बघा.

खरा फरक विषयात आहे. मुलगी ‘बहुतेक इंजिनिअरिंग’ म्हणतेय ना? न्यू पॉल्ट्झला मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल तिथेच चार वर्षं शिकता येतं. जेनेसियोत तीन वर्षं तिथे आणि पुढची दोन दुसऱ्या विद्यापीठात, अशी वाट असते; सतराव्या वर्षी हे नीट समजून घ्यायला हवं. उलट मन बायॉलॉजी किंवा फिजिक्सकडे वळलं तर मी जेनेसियो म्हणेन. तिथे जवळजवळ सगळे पदवीचेच विद्यार्थी, त्यामुळे प्राध्यापकांसोबत संशोधनाची संधी त्यांनाच मिळते.

विद्यापीठं बघायला जाल तेव्हा तिला एकटीला एखाद्या वर्गात बसू द्या, मेसमध्ये जेवू द्या. तुम्ही बाहेर थांबा. आणि हो, जेनेसियोचा हिवाळा फेब्रुवारीत बघा, एप्रिलमध्ये नाही! न्यू पॉल्ट्झहून मॅनहॅटनला थेट बस आहे, घरची ओढ असलेल्या मुलीला तो मोठा आधार वाटतो. प्रवेशाचा निर्णय कळवायला सहसा १ मेपर्यंत वेळ असतो, शेवटचा शब्द तिचाच असू द्या.