साताऱ्यात अल्कलाईन (म्हणजे आम्लाच्या उलट, अल्कधर्मी) पाण्याचं यंत्र विकणाऱ्याने थेंब टाकून रंग बदलून दाखवला, असं तुम्ही सांगता. असं पाणी प्यायल्याने रक्तातलं आम्ल कमी होतं का?

नाही, निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा; जितका कमी, तितकं आम्ल जास्त) अशा पाण्याने हलत नाही. शरीर तो 7.35 ते 7.45 एवढ्या अरुंद पट्ट्यात स्वतःच धरून ठेवतं. त्या विक्रेत्याने जो रंग बदलून दाखवला, तो पाण्याचा होता, रक्ताचा नव्हे. शिवाय ते पाणी आधी जठरातल्या तीव्र आम्लात पडतं. मी अतिदक्षता विभागात काम करतो, मनगटाच्या धमनीतून रक्त काढून हीच तपासणी रोज करतो. खरं काम तिघं करतात. रक्तातलं बायकार्बोनेट (आम्ल निष्प्रभ करणारा घटक) आम्ल तत्क्षणी झेलतं. त्यातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड फुफ्फुसं मिनिटांत बाहेर टाकतात: अजिंक्यताऱ्याचा चढ भरभर चढलात की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं आणि धाप वाढते, त्यात हाही भाग असतो. उरलेलं आम्ल मूत्रपिंडं लघवीवाटे काढतात आणि नवं बायकार्बोनेट तयार करतात. त्यांना मात्र तास-दिवस लागतात. म्हणूनच लघवीचा पीएच 4.5 ते 8 असा कुठेही सापडतो, त्याने घाबरू नका.

एक अपवाद: मूत्रपिंडाचा जुना आजार किंवा अनियंत्रित मधुमेह असेल तर हा तोल खरोखर बिघडतो. डॉक्टरांनी सोडा-बायकार्बच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या पाण्याच्या भरवशावर बंद करू नका. मधुमेही माणसाला उलट्या, खोल-जलद श्वास आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत असेल तर त्याच क्षणी दवाखान्यात न्या.